ढेकूळ पाण्यात टाकून पाहा

काचेचे दोन ग्लास घ्या आणि पाण्याने भरा. आता मातीची दोन वाळलेली ढेकळं शोधा. एक अशा जागेवरचं, जिथे वर्षानुवर्षं गवत आहे आणि कुणी कुदळ लावलेली नाही. दुसरं वारंवार खणलेल्या, उन्हापावसात उघड्या पडलेल्या जागेवरचं. दोन्ही अंगठ्याच्या पेराएवढी असली की पुरे. अलगद पाण्यात सोडा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा.

उघड्या जागेवरच्या ढेकळातून बुडबुडे फुटायला लागतात, कडा ढासळतात आणि बघता बघता तळाशी चिखलाचा ढीग होतो. गवताखालचं ढेकूळ मात्र बसून राहतं. बुडबुडे त्यातूनही येतात, पण आकार मोडत नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दोन्ही ढेकळं एकाच आवारातली होती, पन्नास पावलांच्या अंतरावरची. खालचा खडक तोच, पाऊस तोच, रंगही जवळपास सारखा. तरी एक माती पाण्यात टिकली आणि दुसरी विरघळल्यासारखी झाली. ते दृश्य डोक्यातून गेलं नाही, आणि मातीबद्दल मी जे काही शिकलो त्याचं टोक तिथेच सापडलं.

सुपीक माती म्हटलं की आपण लगेच तिच्यात काय काय ‘आहे’ याची यादी करायला बसतो: नत्र (नायट्रोजन) किती, स्फुरद (फॉस्फरस) किती, पालाश (पोटॅशियम) किती. ती यादी लागतेच. पण त्याआधीचा प्रश्न असा की ही माती आलेलं पाणी, हवा आणि अन्न धरून ठेवू शकते का, आणि मुळाने मागितलं की सोडते का? दोन्ही कामं एकाच वेळी जमणं हे फार अवघड आहे. चांगल्या मातीला ते जमतं कसं, ते समजून घेऊ.

निम्मी माती रिकामी असते

एक लिटरच्या भांड्यात न दाबलेली चांगली कोरडी माती घेतली तर ती साधारण १.३ किलो भरते. तेवढ्याच आकाराचा अखंड दगड भरतो २.६५ किलो. दोन्हींची घनता इतकी वेगळी, कारण भांड्यातली निम्मी जागा मोकळी आहे. आपण मातीला घट्ट, भरीव वस्तू समजतो, पण तिचा अर्धा भाग म्हणजे पोकळ्या, आणि झाडाचं सगळं जगणं या पोकळ्यांत चालतं. मुळं तिथून वाट काढतात, पाणी तिथे थांबतं, हवा तिथून खेळते.

पोकळ्या सगळ्या सारख्या नसतात. मोठ्या पोकळ्यांमधलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरून जातं आणि मागे हवा शिरते. मधल्या आकाराच्या पोकळ्या पाणी धरून ठेवतात, पण मुळाने ओढलं तर सोडतात. अगदी बारीक पोकळ्या पाणी इतकं घट्ट धरतात की मुळाची ताकद अपुरी पडते. हवेच्या दाबाच्या सुमारे पंधरा पट जोर लावावा लागला की बहुतेक झाडं हात टेकतात, कोमेजतात, आणि पुन्हा पाणी दिल्याशिवाय सावरत नाहीत. म्हणून चिकणमाती हाताला ओलसर लागत असतानाही त्यातलं झाड सुकलेलं दिसू शकतं. पाणी तिथे आहे, मिळत मात्र नाही.

मराठीत या सगळ्यासाठी एक फार नेमका शब्द आहे: वाफसा. भरपूर पाऊस झाला किंवा पाणी दिलं, जास्तीचं पाणी एकदोन दिवसांत निथळून गेलं, मोठ्या पोकळ्यांत हवा परत आली, मधल्यांमध्ये पाणी राहिलं, की वाफसा आला. ‘ओली जमीन’ म्हटलं की फक्त पाणी कळतं. वाफसा म्हटलं की पाणी आणि हवा दोन्ही कळतात. शास्त्रात या अवस्थेला मोजमापाच्या व्याख्या आहेत, पण जमीन कसणाऱ्यांनी ती अवस्था हाताने आधीच ओळखली होती. मूठभर माती दाबून गोळा करा. तो बोटाच्या टिचकीने भुसभुशीत सुटला तर वाफसा आहे. नुसताच दबला आणि चकाकला तर अजून थांबा.

हे थांबणं महत्त्वाचं आहे. ओल्या मातीवर चालणं, कुदळ मारणं, वजन फिरवणं यांनी सगळ्यात आधी मोठ्या पोकळ्या दबतात, म्हणजे हवेची वाट जाते. ऑक्सिजन हवेतून जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू पाण्यातून पसरतो. मोठ्या पोकळ्या बंद झाल्या आणि उरलेल्या पाण्याने भरल्या की मूळ अक्षरशः गुदमरतं. कुंडीतलं झाड मेलं की आपण म्हणतो पाणी जास्त झालं. खरं तर त्याला हवा कमी पडलेली असते.

पोत नशिबाने येतो, घडण करावी लागते

मातीचे कण आकाराने तीन प्रकारचे. ०.०५ मिलिमीटरपासून २ मिलिमीटरपर्यंतची वाळू, त्याहून बारीक पोयटा, आणि ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक ते चिकणमातीचे कण. या तिघांचं प्रमाण म्हणजे मातीचा पोत. घरच्या घरी तो कळतो. बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकण कण दिवस दिवस तरंगत राहतात. थर मोजले की प्रमाणाचा अंदाज येतो. त्याहून झटपट पद्धत बोटांची आहे: ओली माती अंगठा आणि तर्जनीत दाबून तिची पट्टी काढा. पट्टी होतच नाही आणि खरखर लागते, तर वाळू जास्त. पिठासारखी मऊ लागते पण पट्टी लगेच तुटते, तर पोयटा. दोन बोटं लांब, गुळगुळीत पट्टी लोंबली, तर चिकणमाती.

कण बारीक झाल्याने इतका फरक का पडतो? एक सेंटिमीटर बाजूचा दगडी ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा चिरून एक मिलिमीटरचे ठोकळे केले तर एकूण पृष्ठभाग साठ. हजारांश मिलिमीटरपर्यंत चिरत गेलं तर साठ हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे सहा चौरस मीटर, तेवढ्याच दगडातून. काही फुगणाऱ्या चिकणमात्यांचे कण तर वहीच्या पानांसारखे पदरापदरांचे असतात, आणि त्यांच्या एका ग्रॅममध्ये आतली पानं धरून ६०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. चिमूटभर मातीत जवळजवळ तीन टेनिस कोर्ट. पाणी आणि अन्नद्रव्यं चिकटतात ती याच पृष्ठभागाला. म्हणून वाळूला सोडणं जमतं पण धरणं जमत नाही, आणि नुसत्या चिकणमातीचं उलटं होतं.

पोत सहजी बदलत नाही. खडक, हवामान, उतार आणि हजारो वर्षांचा काळ यांनी तो ठरलेला असतो. जड मातीत थोडी वाळू मिसळून ती हलकी करायचा मोह खूप जणांना होतो, मलाही झाला होता. वाळूच्या दाण्यांमधल्या फटी चिकणमातीने बुजल्या आणि वाळल्यावर तो वाफा विटेसारखा टणक झाला. पोत खरोखर बदलायचा तर निम्म्याहून जास्त वाळू घालावी लागते, आणि ते कुणाला परवडत नाही.

आपल्या हातात असते ती घडण. सुटे कण एकमेकांना चिकटून त्यांचे रवाळ दाणे होतात. दाण्यांच्या आत बारीक पोकळ्या राहतात, दाण्या-दाण्यांच्या मध्ये मोठ्या. धरायचं काम आतल्या पोकळ्या करतात, सोडायचं बाहेरच्या. पोत तोच ठेवून दोन्ही कामं साधणारी ही युक्ती आहे. या दाण्यांना जोडणारा डिंक जिवाणू बनवतात, मुळं पाझरवतात, आणि बुरशीचे तंतू त्यांना वरून जाळीसारखे गुंडाळतात.

आता त्या ग्लासाकडे परत या. कोरडं ढेकूळ पाण्यात पडलं की पाणी चहूबाजूंनी आत घुसतं आणि आतली हवा कोंडली जाते. तिचा दाब वाढतो आणि ती दाणे फोडून बाहेर पडते. तेच ते बुडबुडे. डिंक आणि तंतूंची जाळी मजबूत असेल तर ढेकूळ तो दाब सोसतं. पहिल्या जोराच्या सरीत उघड्या जमिनीवर नेमकं हेच घडतं: दाणे फुटतात, सुटलेले बारीक कण पोकळ्यांच्या तोंडात बसतात, वाळल्यावर वर खपली धरते. पुढची सर आत मुरण्याऐवजी वरून वाहते आणि जाताना माती घेऊन जाते. सेंटिमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि ती एका पावसाळ्यात जाऊ शकते, हे लिहितानाही मला त्रास होतो.

ग्लासात आणखी एक गोष्ट बघा. ढेकूळ ढासळलं तरी पाणी नितळ राहिलं, तर घडण कमजोर आहे एवढंच. पण ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही बसलं नाही, तर शंका सोडियमची. सोडियम चिकणमातीच्या कणांना जवळ येऊच देत नाही. अशा जमिनीला चोपण म्हणतात: ओली असताना निसरडी, वाळली की दगड. तिथे जिप्सम घालतात, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. मात्र सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर मुळांखाली निघून जायला निचरा हवाच, नाहीतर सगळे कष्ट वाया. आणि सोडियमचा त्रासच नसेल तर जिप्समने जड माती हलकी होईल ही आशा ठेवू नये.

सत्तावन्न ग्रॅमची गोष्ट

यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या बेल्जियममधल्या अभ्यासकाचा एक प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्याने सुमारे ९० किलो वाळवलेली माती मोठ्या कुंडीत भरली आणि त्यात विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी दिलं. झाडाचं वजन जवळजवळ ७४ किलोंनी वाढलं. माती परत वाळवून तोलली तर ती कमी झाली होती फक्त सुमारे ५७ ग्रॅमने. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड झाडात जातो हे त्या काळी माहीतच नव्हतं.

निष्कर्ष चुकला आणि त्या मोजमापात कमी-जास्त असणारच, पण तो आकडा मला फार बोलका वाटतो. झाडाचं जवळजवळ सगळं वजन हवा आणि पाण्यातून येतं. मातीतून येतं ते चिमूटभर, आणि त्या चिमटीशिवाय बाकीचं काहीच उभं राहत नाही. आज झाडांना आवश्यक अशी सतरा मूलद्रव्यं मानली जातात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन सोडले तर उरलेली चौदा मातीतून मिळतात. नत्र, स्फुरद, पालाश जास्त लागतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक मध्यम. आणि लोह, जस्त, बोरॉनसारखी लेशमात्र. ज्याची कमतरता सर्वांत जास्त, तेच वाढ अडवून धरतं. कार्ल स्प्रेंगेलने हे १८२८ च्या सुमारास मांडलं आणि युस्टुस फॉन लीबिगने पुढे गाजवलं. जस्त कमी असलेल्या झाडाला नत्राचं आणखी एक पोतं देऊन काही होत नाही.

ही अन्नद्रव्यं मातीत राहतात कशी? १८५० साली ब्रिटनमध्ये जे. थॉमस वे या रसायनतज्ज्ञाने मातीच्या थरातून अमोनियाच्या क्षारांचं पाणी ओतलं. खालून निघालेल्या पाण्यात अमोनिया राहिला नव्हता, त्याऐवजी कॅल्शियम होतं. मातीने एक ठेवून घेतलं आणि त्या बदल्यात दुसरं दिलं. चिकणमाती आणि ह्युमस, म्हणजे पालापाचोळा कुजून उरलेला काळपट भाग, यांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम असे धन भाराचे आयन (विद्युतभार असलेले कण) त्याला चिकटून राहतात. मूळ हायड्रोजनचा आयन बाहेर टाकतं आणि त्याच्या जागी यातला एखादा सोडवून घेतं. पावसाने सहज धुपत नाही पण मुळाला मिळतं, अशी ही साठवण आहे. वजनाला वजन लावलं तर ह्युमस इथे चांगल्या चिकणमातीलाही मागे टाकतो. वाळूसारख्या मातीला सेंद्रिय खताचा इतका आग्रह असतो तो यासाठी. तिच्याकडे दुसरं गोदामच नाही.

नायट्रेट या नत्राच्या रूपावर मात्र ऋण भार असतो. त्याला माती धरत नाही. एका जोरदार पावसात ते मुळांच्या खाली निघून जातं, आणि पाणी साचलं तर जिवाणू त्याचं वायूत रूपांतर करून हवेत सोडून देतात. म्हणून नत्र एकदम न देता थोडं थोडं, विभागून द्यायचं. स्फुरदाचं दुखणं बरोबर उलट. मातीत ते भरपूर असतं, पण आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला अडकवतात, चुनखडीच्या मातीत कॅल्शियम. मातीच्या पाण्यात विरघळलेलं स्फुरद एकूण साठ्याच्या एक टक्क्यापेक्षाही फार कमी असतं. त्यात ते हलत नाही. मूळ आपल्या आसपासचा एकदोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा करतं आणि पुढे अडतं.

तिथे मदतीला येते मायकोरायझा बुरशी. मुळाला जोडलेले तिचे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक असतात, ते काही सेंटिमीटर दूरवर जातात, मूळ जिथे घुसूच शकत नाही अशा पोकळ्यांतून स्फुरद आणतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. जमिनीवरच्या बहुसंख्य झाडांची अशी भागीदारी आहे. आणि हेच तंतू ढेकूळ बांधूनही ठेवतात. वारंवार खणलं की ही जाळी तुटते, पुन्हा विणायला वेळ लागतो.

सामू: किल्ली कुणाच्या हातात

मातीची आम्लता सामूने (pH) मोजतात. ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत स्योरेन स्योरेन्सनने बसवली. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्कधर्मी. एक अंकाचा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे ६.५ आणि ५.५ हे कागदावर जितके जवळ दिसतात तितके नाहीत.

सामू स्वतः झाडाला क्वचितच मारतो. तो कोणतं द्रव्य मोकळं आणि कोणतं कुलपात ते ठरवतो. साडेपाचच्या खाली ॲल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळांची टोकं जाळतं. साडेसातच्या वर लोह, जस्त, मँगनीज मिळेनासे होतात. कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. बऱ्याचशा झाडांना सहा ते सातच्या आसपास बरं वाटतं. हे डोळ्यांनी बघायचं तर हायड्रेंजिया लावा. आम्ल मातीत ॲल्युमिनियम मिळतं म्हणून फुलं निळी येतात, अल्कधर्मी मातीत गुलाबी. मातीचं रसायन एवढं उघडपणे सांगणारं फूल दुसरं मला माहीत नाही.

आम्ल माती चुन्याने सावरता येते. किती लागेल ते पोतावर अवलंबून, कारण चिकणमाती बदलाला जास्त वेळ दाद देत नाही. चुनखडीची माती आम्लाकडे नेणं मात्र जवळपास अशक्य. तिथे त्या मातीला मानवणारी झाडं लावावीत.

कर्बाचा हिशेब

चमचाभर चांगल्या मातीत शंभर कोटींपर्यंत जिवाणू असू शकतात. ते झाडासाठी काम करत नाहीत, स्वतःचं पोट भरतात, आणि हे लक्षात ठेवलं की अनेक कोडी सुटतात. लाकडाचा भुसा मातीत मिसळल्यावर झाड पिवळं का पडतं? भुशात कर्ब (कार्बन) खूप आणि नत्र नावालाच. जिवाणूंना कर्बाच्या साधारण चोवीस भागांमागे एक भाग नत्र लागतं. भुशात हे प्रमाण शेकड्यांत असतं, वाळल्या काडात ऐंशीच्या आसपास. कमी पडणारं नत्र ते मातीतून उचलतात आणि झाड उपाशी राहतं. पुढे जिवाणू मरतात तेव्हा ते नत्र परत येतं, पण मधला काळ कठीण जातो. तोच भुसा मातीत न मिसळता वर आच्छादन म्हणून पसरला तर ओढाताण फक्त पृष्ठभागापुरती होते, आणि शिवाय पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही.

शेंगवर्गीय झाडांनी नत्राची सोय स्वतःपुरती केली आहे. एखादं रोप हळूच उपटा, मुळावरची गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर तिथे रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र बांधत आहेत. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नातलगाचा आहे. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम अजून सुरू नाही किंवा संपलं. अशा मातीत वरून भरपूर नत्र घातलं की झाड गाठी धरायचंच कमी करतं.

माती तपासायला द्यायची असेल तर एका जागेची मूठ उचलून देऊ नका. आठ-दहा ठिकाणी १५ सेंटिमीटरपर्यंत खणून एकत्र करा, खत घातल्यावर लगेच घेऊ नका, आणि अहवालात सामू व सेंद्रिय कर्ब आधी वाचा, नत्र-स्फुरद-पालाश त्यानंतर.

सेंद्रिय कर्बाचा आकडा वर सरकायला वर्षं लागतात आणि त्याने धीर सुटतो. घडण त्याच्याआधी सुधारते. जमीन झाकून ठेवली, खणणं कमी केलं आणि काहीतरी मूळ सतत जिवंत ठेवलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच जागेवरचं ढेकूळ ग्लासात टाका. अहवालात अजून काही दिसत नसेल, पण ते आधीपेक्षा उशिरा फुटेल.